आभासी सर्व्हरचा ‘कार्पेट एरिया’ किती?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता राज्य शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला आणि पुढचे काही तास तो बहुतेकांना पाहताच आला नाही. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झालेली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर लागलेल्या या निकालाविषयी पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या घरांत एरवीपेक्षा जास्त उत्सुकता होती आणि नेमक्या त्याच वेळी संकेतस्थळे कोलमडली. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वी, २८ एप्रिल २०२१ रोजी, अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरणाची नोंदणी खुली झाली, तेव्हाही सुरुवातीच्या काळात ‘कोविन’वर हाच अनुभव आला होता. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता पोस्टाच्या खिडकीपासून रेशन दुकानापर्यंत सर्वत्र ऐकू येते. ‘साहेब जागेवर नाहीत’ या जुन्या उत्तराची जागा त्याने घेतली आहे आणि त्या उत्तराप्रमाणेच त्यावरही पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

तो विचारायला हवा. मोठ्या सरकारी संकेतस्थळांच्या कोलमडण्याची निदान बातमी तरी होते. परंतु ज्यांची बातमी होत नाही असे असंख्य छोटे व्यवहार आज भाड्याच्या सर्व्हरवर चालतात. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी घेणारा प्रकाशक, रुग्णांना वेळ देणारे दवाखान्याचे सॉफ्टवेअर, शिकवणी वर्गाची सराव परीक्षा, सहकारी पतसंस्थेचे हिशेब, तालुक्याच्या गावातून निघणारे वृत्तसंकेतस्थळ ही त्यांची काही उदाहरणे. यांतील अनेकजण महिना काहीशे ते काही हजार रुपये मोजून ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर’ म्हणजे व्हीपीएस घेतात. हा सर्व्हर जेव्हा मंदावतो, तेव्हा तो ‘बिघडलेला’ असतोच असे नाही. अनेकदा तो त्याला ठरवून दिलेल्या मर्यादेत अगदी नियमानुसार चालत असतो. अडचण एवढीच, की ती मर्यादा किती आहे हे पैसे भरणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते.

एक यंत्र, अनेक भाडेकरू

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने पाडलेले अनेक भाग. प्रत्येक भागाला वाटते, की आपण स्वतंत्र संगणक आहोत. प्रत्यक्षात प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क हे सारे सामाईक असते. ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. ‘उद्या संगणनही टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल’ अशा आशयाचे प्रतिपादन जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीमध्ये १९६१ साली केले होते. त्याच वर्षी तेथे एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याचे प्रात्यक्षिकही झाले. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविणारी प्रणाली आयबीएमने १९७२ मध्ये बाजारात आणली. तथापि, ही सोय सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २००० नंतर. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये आलेले ‘झेन’ आणि २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्समध्ये समाविष्ट झालेले ‘केव्हीएम’ या मुक्त सॉफ्टवेअरमुळे साध्या यंत्राचेही असे भाग पाडणे सोपे झाले. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने तासाला दहा सेंट या दराने आभासी सर्व्हर भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि या व्यवसायाचे रूप पालटले.

या व्यवसायाचे गणित एका साध्या निरीक्षणावर उभे आहे. सर्व भाडेकरू एकाच वेळी सर्व ताकद वापरत नाहीत. गूगलच्या दोन अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद केले होते, की त्यांनी पाहिलेले सर्व्हर बहुतेक वेळ दहा ते पन्नास टक्के क्षमतेनेच चालतात. मग ही पडून राहणारी क्षमता आणखी कुणाला विकली तर बिघडले काय? त्यात मुळात गैर काहीच नाही. सोळा गाभ्यांच्या यंत्रावर चौसष्ट गाभे ‘विकलेले’ असू शकतात आणि तरीही सगळे समाधानाने नांदू शकतात. भाडे कमी राहते ते यामुळेच. विजेचे जाळे, टेलिफोनची केंद्रे, पाण्याच्या टाक्या ही सारी व्यवस्था याच अंदाजावर चालते.

अंदाज चुकतो, तेव्हा मात्र शेजारधर्माची परीक्षा होते. चाळीतल्या सामाईक नळावर एकाने पिंप लावले, की बाकीच्यांच्या कळश्या रिकाम्या राहतात. संगणकाच्या जगात यालाच ‘गोंगाट करणारा शेजारी’ म्हणतात. एकाच्या सर्व्हरवर चित्रफितींचे रूपांतर सुरू झाले किंवा एखाद्या असुरक्षित संकेतस्थळात शिरून कुणी आभासी चलनाचे उत्खनन मांडले, की त्याच यंत्रावरील इतरांचा वेग घसरतो. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीनेही २०१० च्या डिसेंबरमध्ये, क्लाउडवर स्थलांतर करतानाचे धडे सांगताना, सहनिवास अवघड असतो हे मोकळेपणाने मान्य केले होते. म्हणूनच प्रत्येकाला मर्यादा घालणे हा भाडेकरूंवर अन्याय ठरत नाही. तीच शेजाऱ्यांची सुरक्षा असते.

प्रोसेसरच्या वेळेचे वाटप

ही मर्यादा नेमकी कशी घालतात? लिनक्समध्ये त्यासाठी ‘सीग्रुप’ नावाची यंत्रणा आहे. गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. प्रोसेसरच्या बाबतीत तिच्यात वाटपाच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील फरक समजला, की निम्मे कोडे सुटते.

पहिली पद्धत हिश्शाची. यात प्रत्येकाला एक वजन दिलेले असते. यंत्र मोकळे असेल तर एकटा भाडेकरू सगळा प्रोसेसर वापरू शकतो. मागणी वाढली, की प्रत्येकाला वजनाच्या प्रमाणात वाटा मिळतो. दुसरी पद्धत कमाल मर्यादेची. यात ठरावीक काळात ठरावीक वेळच प्रोसेसर मिळतो, मग बाकीचे यंत्र रिकामे असले तरी हरकत नाही. ही दुसरी सोय लिनक्समध्ये जानेवारी २०१२ मध्ये आली. तिच्यात हिशेबाचा कालखंड साधारणपणे शंभर मिलिसेकंदांचा धरला जातो.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या सर्व्हरला दर शंभर मिलिसेकंदांत वीस मिलिसेकंद प्रोसेसर मिळणार आहे आणि ग्राहकाची एक मागणी पूर्ण करायला पन्नास मिलिसेकंद लागतात. पहिले वीस मिलिसेकंद काम होईल, मग ऐंशी मिलिसेकंद सक्तीची विश्रांती. पुन्हा वीस काम, पुन्हा ऐंशी विश्रांती. आणि शेवटचे दहा. पन्नास मिलिसेकंदांच्या कामाला दोनशे दहा लागले. एका मागणीत हा विलंब जाणवणारही नाही. परंतु एकाच वेळी पन्नास ग्राहक आले, तर रांग वाढत जाते, जुन्या मागण्या संपण्याआधी नव्या येतात आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मर्यादा ओलांडली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. तो चालू असतो, पण कुणाच्याही उपयोगाचा राहत नाही.

तिसरा एक प्रकार बँकेच्या खात्यासारखा आहे. ॲमेझॉनने २०१४ मध्ये आणलेल्या ‘टी-२’ मालिकेत सर्व्हर स्वस्थ असताना ‘क्रेडिट’ जमा होते आणि घाईच्या वेळी खर्च होते. एक क्रेडिट म्हणजे एका गाभ्याचा एक मिनिट पूर्ण वापर. या मालिकेतील ‘मायक्रो’ सर्व्हर तासाला सहा क्रेडिट कमावतो आणि जास्तीत जास्त १४४ साठवू शकतो. सतत पूर्ण ताकदीने चालविला, तर ही शिल्लक अडीच तासांहून थोड्या अधिक काळात संपते आणि त्यानंतर सर्व्हर एका गाभ्याच्या दहा टक्क्यांवर येतो. ‘सकाळी तर व्यवस्थित चालत होते, दुपारी काय झाले?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या पासबुकात असते. पुढच्या ‘टी-३’ मालिकेत शिल्लक संपली तरी वेग कमी न करण्याची सोय आपोआप सुरू असते. मात्र सरासरी वापर ठरलेल्या पातळीच्या वर राहिला, तर जादा वापराचे बिल येते. म्हणजे मर्यादेची किंमत दोन तऱ्हांनी चुकवावी लागते, वेळेने किंवा पैशाने. कुठल्या तऱ्हेने चुकवायची हे आधी ठरविलेले नसेल, तर छोट्या व्यावसायिकाला महिनाअखेरीस धक्का बसू शकतो.

ही यंत्रणा निर्दोष आहे, असेही नाही. कमाल मर्यादेच्या हिशेबात लिनक्समध्येच एक दोष होता. अनेक गाभ्यांच्या यंत्रांवर काही प्रोग्रॅम आपला कोटा पूर्ण वापरण्याआधीच रोखले जात. मंजूर वेळ निरनिराळ्या गाभ्यांना थोडा थोडा वाटला जाई आणि तो लगेच वापरला गेला नाही, तर वाया जाई. ‘इंडीड’ या नोकरीविषयक संकेतस्थळाच्या अभियंत्याने शोधलेला त्यावरचा उपाय नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत समाविष्ट झाला. तोवर जगभरात कित्येकांनी आपलाच प्रोग्रॅम सदोष समजून तो पुनःपुन्हा तपासला असेल. मापे खरी असावीत, एवढेच पुरत नाही. ती तपासता येण्याजोगीही असावी लागतात, हा या प्रकरणाचा धडा.

डिस्कच्या तीन मर्यादा

प्रोसेसरइतकी चर्चा डिस्कची होत नाही. ‘शंभर जीबी’ असा आकडा दिसला, की ग्राहकाचे समाधान होते. वास्तविक डिस्कच्या मर्यादा तीन असतात आणि जाहिरातीत बहुधा त्यांपैकी एकच छापलेली असते.

जागा ही पहिली मर्यादा. दुसरी वेगाची, म्हणजे सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येते, याची. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा असतो. सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट आणि वाचकशीर्ष जागेवर नेण्याचा वेळ धरला, तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास विखुरलेल्या मागण्या पूर्ण करते. तिच्यावर वीस भाडेकरू बसविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच. एसएसडी आल्यानंतर ही क्षमता हजारो पटींनी नसली, तरी शेकडो पटींनी वाढली आणि म्हणूनच व्हीपीएसच्या जाहिरातींत ‘एसएसडी’ हा शब्द ठळक झाला. पण भाडेकरूही वाढले आणि वाटप चुकले नाही. येथेही पासबुकाची पद्धत आहे. ॲमेझॉनच्या ‘जीपी-२’ या डिस्कवर दर जीबीमागे सेकंदाला तीन मागण्यांचा कायमचा हक्क मिळतो आणि काही काळ तीन हजारांपर्यंत झेप घेता येते. शंभर जीबीची डिस्क घेणाऱ्याला सुरुवातीच्या शिलकीवर सुमारे अर्धा तास तीन हजारांचा वेग मिळतो. ती संपली, की तीनशे. अर्ध्या तासाची चाचणी उत्तम पार पडावी आणि प्रत्यक्ष विक्रीच्या दिवशी वेग एकदशांश व्हावा, हे त्यामुळेच घडू शकते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘जीपी-३’ या प्रकारात जागा कितीही असली तरी तीन हजारांचा पाया सरसकट देण्यात आला, हे या पद्धतीने ग्राहकांचा किती गोंधळ होत होता याचेच निदर्शक मानावे लागेल.

तिसरी मर्यादा फाइलींच्या संख्येची. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद लागते आणि प्रचलित ‘ईएक्सटी-४’ पद्धतीत त्यांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. साधारणपणे दर सोळा केबीमागे एक. वीस जीबीच्या डिस्कवर अशा सुमारे तेरा लाख नोंदी मावतात. ग्राहकांच्या भेटींच्या इवल्या इवल्या फाइली, न पाठविलेल्या ईमेलचे ढीग आणि तात्पुरत्या प्रती साठत गेल्या, की या नोंदी संपतात. डिस्क निम्मी रिकामी असताना सर्व्हर ‘जागा शिल्लक नाही’ असे सांगू लागतो. नोंदवहीची पाने संपल्यामुळे रिकाम्या गोदामात माल घेता येऊ नये, असा हा प्रकार.

भाडेकरूनेही हिशेब ठेवावा

सारा दोष सर्व्हर देणाऱ्यावर ढकलणे योग्य होणार नाही. आपला वाटा किती आणि आपण तो कसा वापरतो, याची नोंद ठेवणे हे भाडेकरूचेही काम आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लिनक्सवरील ‘टॉप’ या आज्ञेच्या पहिल्या काही ओळींत ‘एसटी’ या दोन अक्षरांपुढे एक टक्केवारी दिसते. महाराष्ट्रात एसटी म्हटले, की लाल बस आठवते. येथे तो ‘स्टील’, म्हणजे हिरावलेला वेळ, या शब्दाचा संक्षेप आहे. आपल्याला काम करायचे होते, पण प्रोसेसर दुसऱ्याला दिलेला होता, असा हा वेळ. तो सतत मोठा दिसत असेल, तर दोन शक्यता असतात. यंत्रावर गर्दी असेल किंवा आपलाच कोटा संपलेला असेल. पहिल्या बाबतीत तक्रार करावी, दुसऱ्या बाबतीत आपले सॉफ्टवेअर सुधारावे किंवा मोठा सर्व्हर घ्यावा. त्याच ओळीतील ‘डब्ल्यूए’ हा आकडा डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ दाखवितो. तो वाढलेला असताना जास्त गाभ्यांचा सर्व्हर विकत घेणे म्हणजे टाकीत पाणी नसताना नळ बदलण्यासारखे आहे.

बरेचसे उपाय तर केवळ शिस्तीचे असतात. रात्री बारा किंवा दोनच्या ठोक्याला सर्वांनीच बॅकअप घेण्याऐवजी प्रत्येकाने अडनिडी वेळ निवडली, तरी सामाईक डिस्कवरील ताण कमी होतो. बॅकअप आणि अहवाल यांसारख्या कामांना आपल्याच सर्व्हरमध्ये कमी अग्रक्रम देता येतो, म्हणजे ग्राहकाची मागणी त्यांच्यामागे अडकत नाही. एकाच वेळी किती ग्राहकांना आत घ्यायचे, याची संख्या सर्व्हरच्या ताकदीप्रमाणे ठरवावी. शंभरांना आत घेऊन सर्वांना खोळंबवण्यापेक्षा वीसजणांना आत घेऊन बाकीच्यांना ‘कृपया थांबा’ सांगणे शहाणपणाचे ठरते. तेच ते पान दर वेळी नव्याने रचण्याऐवजी तयार प्रत दाखवावी, जुन्या नोंदवह्या वेळेवर काढून टाकाव्यात आणि डिस्क ऐंशी टक्के भरली, की सूचना मिळण्याची सोय करावी. निकाल, प्रवेश, सणांची विक्री यांच्या तारखा आधीच माहीत असतात. त्या दिवसापुरता मोठा सर्व्हर घेऊन नंतर परत करणे, ही तर या व्यवस्थेची मुख्य सोय आहे. ती न वापरता ऐन वेळी नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही.

‘अमर्याद’ आणि कायदा

हे सगळे मान्य केले, तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. आपला वाटाच ठाऊक नसेल, तर हिशेब कशाचा ठेवायचा? ‘चार व्हीसीपीयू, शंभर जीबी’ अशी जाहिरात असते. व्हीसीपीयू म्हणजे प्रत्यक्ष गाभा नव्हे. अनेक ठिकाणी तो गाभ्याच्या दोन धाग्यांपैकी एक असतो आणि सामाईक योजनांत तोही इतरांबरोबर वाटलेला असतो. किती जणांत वाटला आहे, हे बहुधा लिहिलेले नसते. उलट कराराच्या बारीक अक्षरांत ‘दीर्घकाळ अवाजवी वापर केल्यास सेवा स्थगित करण्यात येईल’ असे कलम असते आणि दीर्घकाळ म्हणजे किती, अवाजवी म्हणजे कितीच्या पुढे, याचा खुलासा नसतो. शेअर्ड होस्टिंगच्या बाजारात तर ‘अमर्याद जागा’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. मर्यादा नसलेली डिस्क अजून कुणी बनविलेली नाही.

या शहरांतील वाचकांना हा प्रकार नवा वाटणार नाही. घर घेताना ‘सुपर बिल्ट-अप’चा आकडा सांगायचा आणि राहायला गेल्यावर जिना, गच्ची, लॉबी वजा जाता हाती उरते ते वेगळेच, असा अनुभव मुंबई-पुण्यात दोन पिढ्यांनी घेतला. १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा कायद्याने ‘कार्पेट एरिया’ची व्याख्याच केली आणि विक्रीचा हिशेब त्यानुसार मांडणे बंधनकारक केले. त्यामुळे घरे मोठी झाली नाहीत, स्वस्तही झाली नाहीत. पण दोन घरांची तुलना एका मापाने करणे शक्य झाले. ब्रॉडबँडच्या बाबतीतही असेच घडले. ‘अनलिमिटेड’च्या आड दडलेली वापराची मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगावा, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ मध्ये दिला आणि २०१६ मध्ये मर्यादेनंतरचा किमान वेग ५१२ केबीपीएस ठरवून दिला. भाड्याच्या सर्व्हरसाठी असे माप मात्र अद्याप नाही.

राज्यसंस्थेचे या व्यवसायाकडे लक्षच नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएस पुरविणाऱ्यांचा नामोल्लेख आहे. ग्राहकाचे नाव, पत्ता, सेवा घेण्याचा कालावधी आणि हेतू यांची नोंद किमान पाच वर्षे ठेवावी, असे त्यांत म्हटले आहे. सुरक्षेच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येईल. परंतु भाडेकरू कोण याची इतकी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने त्याला दिलेली खोली केवढी, हे विचारलेले नाही. ग्राहक संरक्षण कायद्याचा आधारही अपुरा पडतो. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा त्या कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जून २०२२ मध्ये केंद्रीय मार्गदर्शक सूचना आल्या आणि ठळक दाव्याला खोडणारा खुलासा बारीक अक्षरांत दडविता येणार नाही, असे त्यांनी बजावले. ‘अमर्याद’ होस्टिंगला ती कसोटी लावून पाहण्यास हरकत नसावी.

असे माप देणे व्यवहार्य नाही, हा आक्षेप टिकणारा नाही, कारण काही मोठ्या कंपन्या ते देतच आहेत. ॲमेझॉन आपल्या सामाईक सर्व्हरांची पायाभूत टक्केवारी प्रसिद्ध करते. गूगलच्या ‘ई-२’ मालिकेतील सर्वांत लहान सर्व्हरला पाव गाभ्याइतका वेळ मिळेल, त्यापुढच्याला अर्ध्याइतका, असे लिहिलेले आहे. इतर अनेक कंपन्यांनी ‘सामाईक’ आणि ‘स्वतंत्र’ प्रोसेसर अशा दोन वेगळ्या योजना मांडल्या आहेत. ॲमेझॉनने तर सुरुवातीच्या काळात २००७ सालच्या ठरावीक प्रोसेसरच्या तुलनेत ताकद सांगणारे एक एककही रूढ केले होते. ते पुढे मागे पडले आणि व्हीसीपीयूचा मोघम आकडा त्याच्या जागी आला. रेल्वेचे आरएसी तिकीट आठवावे. बाकावर दोघे बसणार, हे तिकिटावर आधीच छापलेले असते. म्हणून प्रवासी कुरकुरतो, पण फसविला गेल्याची भावना त्याच्या मनात नसते.

मागणी कुणी करायची?

किंमत वाढेल, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हमी दिली, की पडून राहणारी क्षमता दुसऱ्याला विकता येत नाही आणि भाडे चढते, हे खरेच आहे. पण येथे पूर्ण गाभ्याची हमी कुणी मागत नाही. गर्दीच्या वेळीही किमान किती मिळेल आणि एरवी कमाल किती, एवढे दोन आकडे प्रोसेसरसाठी; सेकंदाला किती मागण्या, हा एक आकडा डिस्कच्या वेगासाठी; फाइलींची कमाल संख्या; आणि मर्यादा ओलांडल्यास वेग कमी होईल, बिल वाढेल की सेवा बंद होईल, याचे एका वाक्यातले उत्तर. पाच ओळींत मावणारी ही माहिती कुठल्याही कंपनीला आपल्या यंत्रणेत आधीच भरलेली असते, कारण त्याशिवाय तिला वाटप करताच येणार नाही. ती ग्राहकाला दाखवायची आहे, इतकेच.

याची सुरुवात सरकारी खरेदीपासून व्हावी. राज्य सरकारने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर करून खात्यांना खासगी क्लाउडकडे वळविण्याचा निर्णय घेतला. सरकार हा या बाजारातील मोठा ग्राहक आहे. विद्यापीठे, महापालिका, परीक्षा मंडळे यांनी आपल्या निविदांत गाभे आणि जीबी यांबरोबर हे पाच तपशील मागितले, गर्दीच्या दिवसाची चाचणी अर्धा तास न करता दिवसभर करण्याची अट घातली आणि बिघाडानंतर हिरावलेला वेळ व डिस्कची प्रतीक्षा यांच्या नोंदी जाहीर केल्या, तर छोट्या ग्राहकालाही विचारण्याजोगे प्रश्न मिळतील. आणि छोट्या ग्राहकाने तरी त्यासाठी निविदेची वाट कशाला पाहावी? सर्व्हरचे पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न ईमेलने विचारण्यास पैसे पडत नाहीत. ज्या कंपनीकडून आकड्यांत उत्तर येईल तिच्याकडे जावे. जिच्याकडून ‘काळजी करू नका, सगळे अमर्याद आहे’ असे उत्तर येईल, तिच्यापासून चार हात दूर राहावे.

निकालाच्या दिवशी घामाघूम झालेल्या पालकाला सीग्रुप, क्रेडिट आणि आयनोड यांच्याशी काही देणेघेणे नसते आणि नसावेही. पण त्याच्या मुलाचा निकाल ज्या यंत्रावर ठेवलेला आहे, त्या यंत्रातला किती वाटा आपण घेतला आहे, हे निकाल लावणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. ते माहीत नसताना दिलेले ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर यापुढे पुरेसे मानले जाऊ नये.